निर्णय माझा होता

हॅलो?… हो आत्या, मीच. लिनेट. आता या घरात दुसरं कोण फोन उचलणार?… नाही गं, झोपले नव्हते. चार वाजलेत दुपारचे. बाबांच्या टेबलाचे खण आवरतेय. नुसत्या मैदानावरच्या शिट्ट्या निघतायत. एकोणीस झाल्या…

तू चर्चच्या स्वयंपाकघरातून बोलतेयस ना? भांडी वाजतायत… कशाचे किती?… उद्याच्या जेवणाला?… वीस धर… बरोबर ऐकलंस. वीस… अगं, बाराशे कुठून येतील? ते सामन्याला यायचे. दर शनिवारी. बाबांच्या अंत्यविधीला नाही… मग बटाट्याचे दोनच ट्रे भाज. हॅम आहे तेवढं पुरे. आणि ती हिरवी जेली नको, बाबांना कधीच आवडली नाही… त्यांनी तुला सांगितलं नाही, एवढंच.

हो… हो… केले ना फोन. सकाळपासून तेच करत होते. बाबांच्या शेवटच्या फुटबॉल संघातली अकरा मुलं सापडली… सहा हवी होती, आत्या. बाबांनी तेवढंच लिहून ठेवलंय. "पेटी उचलायला माझ्या शेवटच्या मुलांपैकी सहा." बाकी फुलं नकोत, भाषणं नकोत.

एकही नाही.

छे, उद्धट कोणी बोललं नाही. सगळे 'मॅम, मॅम' करत होते. बाबांनीच लावलेली सवय. एकाची बायको बाळंत झालीय. एकाला गाडी नाही. एक म्हणाला, कापणी चालू आहे… नोव्हेंबर संपत आला, हो, मलाही कळतं. आपल्या नेब्रास्कात या दिवसांत कसली कापणी. मी म्हटलं, बरं.

ब्रँडवोल्ड?… कप्तान, हो. त्यालाही केला… आठवतंय ना तुला? बाबा त्याला संघासाठी मागायला गेले होते, तुझीच गाडी घेऊन. त्याच्या आईच्या टेबलाशी बसून तिने भाजलेला गोड 'पाय' खाल्ला. रुबार्बचा. ते आंबट देठ तोंडात धरवत नसताना तीन तुकडे. आणि मग ते कार्ड लिहून दिलं. "चार वर्षं तुमचा मुलगा माझ्याकडे. मी इथेच असेन." खाली सही… प्रत्येक आईला द्यायचे, हो. एकतीस वर्षं.

तर ब्रँडवोल्डने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "येणार नाही, मॅम. आणि हा निर्णय माझा आहे."

… हो. बाबांचंच वाक्य. मुद्दाम.

आत्या… आत्या, रडू नकोस. तिथल्या बायका बघत असतील… बघू देत तर बघू देत. बरं.

नाही, पोरांना मी बोल लावत नाही. त्यांनी टीव्हीवर पाहिलं तेच त्यांना खरं. कोच मायक्रोफोनसमोर उभे राहतात, अंगात निळा कोट, आणि सांगतात, फुटबॉल बंद करायचा निर्णय माझा होता. माझ्या एकट्याचा… हो, कॉलेजचे क्रीडा संचालक म्हणून. शेवटची सात वर्षं कोचची आणि संचालकाची, दोन्ही खुर्च्या त्यांच्याकडेच होत्या ना. न्हाव्याच्या दुकानात हसायचे लोक. म्हणे, क्रीडा संचालकाने कोचला काढलं आणि कोचला आरशात कळलं… तू नव्हतं ऐकलंस? मी ऐकलं. बाबा खुर्चीत बसलेले होते तेव्हा.

ऐक ना… अगं ऐक ना, आत्या. पत्राचं मला ठाऊक आहे. मीच काल तुला वाचून दाखवलं… हो, कॉलेजच्या विश्वस्तांनी साफ लिहिलंय. तुम्ही निर्णय स्वतःच्या नावावर घ्या, आम्ही आहेत त्या मुलांना पदवी होईपर्यंत खेळू देऊ… आणि बाबांनी घेतला. मार्चमध्ये. त्याच मे महिन्यात त्यांनी गोलचे खांब कापून नेले. हेल्मेटं सुद्धा विकली…

फसवलं, हो. पण बाबा का फसले सांग ना. त्या वाक्याची त्यांना सवय होती. चेंडू पोराच्या हातून निसटला, सामना गेला, तरी पत्रकारांसमोर काय म्हणायचे? निर्णय माझा होता. जिंकले तर पोरं जिंकली… सगळेच कोच म्हणतात, मान्य. बाकीचे म्हणतात आणि घरी जाऊन जेवतात.

विचारलं होतं मी. गेल्या हिवाळ्यात, दवाखान्यात. म्हटलं, सांगून टाका ना एकदा. तर म्हणाले, "शिट्टी झाल्यावर पंचाशी भांडायचं नसतं, लिन." आणि भिंतीकडे वळले.

अजून एक. शिट्ट्यांच्या खाली ती कार्डं आहेत, रबर लावून ठेवलेली. आयांनी परत पाठवलेली… तुला नव्हतं माहीत? मलाही. अडतीस आहेत. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. प्रत्येकाच्या मागे बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय, पोरगा कुठे गेला ते. आयोवात दुसरं कॉलेज. वडिलांची शेती. सैन्य. शिक्षण सोडलं. शिक्षण सोडलं. शिक्षण सोडलं… ब्रँडवोल्डच्या कार्डावर चार वेळा खोडलंय. शेवटचं आहे, कत्तलखाना, पहाटपाळी.

ते पत्र कुठे वाचायचं? रेडिओवर?… सामन्यांचं वर्णन करायचा तोच का? आज संध्याकाळी?… हो, येतील. मला माहीत आहे येतील. सहा काय, साठ येतील, पहाटेपासून गाड्या लागतील… तरी नाही, आत्या. ते त्या पत्राला खांदा द्यायला येतील. बाबांना द्यायचा होता तर अकरा जणांना मी विचारलं होतं.

उचलणार कोणी नाही. चाकांची गाडी आहे म्हणाले पेटीवाले, एक माणूस ढकलू शकतो… मी ढकलेन.

नको, येऊ नकोस पत्र न्यायला. ते घरी नाहीये… त्यांच्या निळ्या कोटात. आतल्या खिशात… कपडे घालून झाल्यावर ठेवलं. ब्रँडवोल्डशी बोलले आणि सरळ पेटीवाल्यांकडेच गेले… झाली पेटी बंद. दोन वाजता. समोर उभी होते मी.

… असेलही. त्या पोरांना रडायची सोय करून द्यायची नव्हती मला, असेल तसंही. बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाही गं…

कुणी सांगितलं म्हणजे?… कुणी नाही, आत्या. निर्णय माझा होता.

… हॅलो?

आत्या?…