खाऊचा रकाना

सुरुची — सहाशे? क्षितिज, सहाशे रुपयांत महिनाभर कोण जेवतं? तुझ्या डॉकवरची मांजरंसुद्धा जेवत नसतील.

क्षितिज — आवाज खाली. आई बसली आहे.

सुरुची — त्या बसल्यात म्हणूनच एवढ्यावर थांबले.

क्षितिज — ‘त्या’? वेगळी झालीस ती माझ्यापासून. तिला आई म्हणायचीस.

सुरुची — विषय बदलू नकोस. हे वाच. ‘मुलगी आभा, वय नऊ. जेवणखाण, दरमहा सहाशे.’ हे तू उद्या कोर्टाच्या मध्यस्थ बाईंपुढे ठेवणार? शपथेवर?

क्षितिज — वकिलाच्या ऑफिसात टाइप झालंय. मी नुसती सही केली.

सुरुची — न वाचता.

क्षितिज — चौदा तास डॉकवर उभं राहून ये, मग तू वाच पंधरा पानं.

वृंदा — सुरुची, जरा इकडे दे बघू. माझा चष्मा… हं. अगं, हे जेवण नाही. हा खाऊ आहे.

सुरुची — खाऊ?

वृंदा — याने मला विचारलं, आभाला काय काय लागतं ते सांग. मी सांगत गेले, हा मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत वकिलाला पाठवत गेला. बोलता बोलता मी खाऊही सांगून बसले. शनिवारी आणते ना मी तिला काहीतरी. कधी संदेश, ती इथली गुळाची मिठाई, कधी चिक्की. टाइप करणारा मुलगा बंगाली. त्याला वाटलं असेल, खाऊ म्हणजे ‘खाओ’. जेव.

सुरुची — त्याला वाटलं ते ठीक. याला काय वाटलं?

वृंदा — आभासुद्धा तसंच बोलते गं. ‘आजी, आमी खाऊ खाबो.’ अर्धं आपलं, अर्धं इथलं बंगाली.

क्षितिज — झालं ना? चूक होती, खोड. जेवणाचे बारा हजार लिही, पंधरा लिही. शाळा, नाचाचा क्लास, डॉक्टर, सगळं मिळून पन्नास हजार धर. माझा पगार तुझ्या दीडपट, म्हणून तीस माझे, वीस तुझे. मी नाही म्हटलंय का?

सुरुची — वर तीस म्हणायचं आणि खाली चोवीस लिहायचं. मधले सहा कुठे गेले?

क्षितिज — शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ ती माझ्याकडे असते. तेवढं जेवण, दूध, येणंजाणं माझ्याकडे. ते वजा. बाईच म्हणाल्या होत्या, मूल ज्याच्याकडे, त्या दिवसांचा खर्च त्याच्याकडे.

सुरुची — शाळा फी घेताना शनिवार-रविवार सोडून देते वाटतं? आणि तिचा चष्मा? तो काय आभा फक्त इथे न्यू टाउनमध्ये लावते, तुझ्याकडे खिदिरपूरला काढून ठेवते?

क्षितिज — आणि तिची खोली? तिच्यासाठी मी जास्तीची खोली घेतली. ती नसते तेव्हा त्या खोलीचं भाडं थांबतं?

सुरुची — मग सरळ सांग, पैसे झेपत नाहीत. आपण बसून बघू. दिवसांच्या आड का लपतोस? तुला मुलगी हवी आहे की सूट?

क्षितिज — हे बोललीस ना, ते उद्या तिथे बोल. बोल, की दर शुक्रवारी मुलीला न्यायला येणाऱ्या बापाला सूट हवी आहे.

सुरुची — न्यायला तू येत नाहीस. टॅक्सी करून या येतात.

क्षितिज — मी काय जहाज अर्धं उतरवून येऊ?

सुरुची — बरं. मला एक सांग. तुझ्याकडे ती जेवताना कशी असते?

क्षितिज — कशी म्हणजे? असते तशीच. बडबड. शाळेत हे झालं, ते झालं. गप्प बस म्हणावं लागतं.

सुरुची — बडबड करते?

क्षितिज — तुझी मुलगी आहे. करणारच.

सुरुची — माझ्याकडे ती पानावर बसली की तोंड उघडत नाही, क्षितिज. भात हवा तर बोट दाखवते. आमटी नको असली की वाटीवर हात आडवा धरते. मी विचारलं, तुला कोणी रागावलं का? नुसती मान हलवते. हात धुतला की बोलायला लागते. दिवाळीपासून हे चाललंय. माझ्या डोळ्याला डोळा नाही. तिकडे तिला कोण गप्प बसवतं? उद्या मी पैशांचं नाहीच काढणार आधी. तिला तिकडे पाठवायचंच नाही, हे सांगणार आहे.

क्षितिज — काहीतरी बोलू नकोस! माझ्या घरात तिला कोणी अरे म्हणत नाही. आई, सांग हिला.

(वृंदा हातातले कागद नीट जुळवून टीपॉयवर ठेवते.)

वृंदा — माझ्यामुळे झालं ते. चातुर्मासात मी जेवताना मौन धरलं. तिने दोन-तीनदा बघितलं आणि म्हणाली, आजी, मी पण. मी हो म्हटलं. मला वाटलं, दोन दिवसांचा खेळ. ती तुझ्याकडेही पाळते, हे मला आज कळतंय.

सुरुची — पण हा तर म्हणाला, बडबड करते.

वृंदा — त्याला कसं कळणार? तो तिच्याबरोबर जेवायला नसतोच.

क्षितिज — आई.

वृंदा — शुक्रवारी-शनिवारी जहाज असतं. रविवारी त्याचे कागद. तो घरी येतो तेव्हा ती माझ्या कुशीत झोपलेली असते. त्या खोलीत तिने अजून पाठ टेकलेली नाही.

क्षितिज — जहाज काय मी बोलावतो? आणि नोकरी कोणासाठी करतो? तू हिच्यासमोर हे… आई, उद्या तिसऱ्या पानावर तुझी सही आहे. सुटीचे दिवस मूल वडिलांच्या सहवासात असतं. एवढी एक ओळ.

वृंदा — वाचली मी. वर ‘ईश्वरसाक्षीने’ आहे. रोज सकाळी मी ज्याच्यासमोर बसते, त्याला या ओळीसाठी साक्षीला उभं करू? नाही होणार रे माझ्याने.

क्षितिज — मग दिवस जातील. माझे जातील ते जाऊ देत, तुझे जातील. शुक्रवारी दाराशी कोणी येणार नाही. तुझ्याजवळ कोण झोपणार? कळतंय का तुला?

वृंदा — तेवढंच कळतंय. सुरुची, ते दिवस तुझ्या बाजूला लिही. तीसचे चोवीस करू नका. आणि खाऊची ओळ काढून टाक. तो माझ्या पेन्शनमधला होता, तो हिशोबात यायलाच नको होता.

सुरुची — हे तुम्ही आजच का सांगितलंत? उद्या मी तेच मागणार होते.

वृंदा — तू मागितलं असतंस ते मूल घाबरतं म्हणून. माझ्या घरात मूल घाबरलं, असं कागदावर नको यायला. खोटं ते. दिवस गेले तर खऱ्यावर जाऊ देत.

क्षितिज — आणि मी? महिन्याला पैसे पाठवायचे आणि मुलगी फोटोत बघायची? वजाबाकी वकिलाने घातली, मी घालू दिली. चुकलं. पण दिवस मला खरंच हवे होते, सुरुची. निदान नावावर तरी.

सुरुची — नावावर दिवस घेऊन काय करतात रे?

वृंदा — पुरे. आता त्याला नको बोलूस.

सुरुची — याची टॅक्सी नसली तर बसने इकडे येता येतं तुम्हाला? एकटीने?

वृंदा — एस्प्लनेडला बदलायची. आभाने शिकवलंय.

सुरुची — मग शनिवारी इकडे या, आई. राहायला. हे कुठल्या कागदात लिहायचं नाही. फक्त ती मौन का पाळते, तेवढं तिच्याकडून काढून घ्या. मला सांगत नाही.

वृंदा — मला सांगितलंय.

सुरुची — काय?

वृंदा — माझं मौन कार्तिकात सुटायचं होतं. मी तिला म्हटलं, चल, दोघी मिळून सोडू. तर म्हणाली, आत्ता नाही. ज्या दिवशी बाबा आपल्या पंगतीला बसेल, त्या दिवशी. मग मीही पुढे चालू ठेवलं. तिला एकटीला कसं ठेवू?

सुरुची — क्षितिज… ऐकलंस?

क्षितिज — तीस लिही.

सुरुची — लिहिते. आणखी काही?

क्षितिज — आभा शनिवारी किती वाजता जेवते?