वास उडाला की काय!

—छे छे, दादा, मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत! टॅक्सी चालवता चालवता आरशातून बघत होतात ना, मी घासते की काय? अर्धं आयुष्य अत्तराच्या दुकानात उभी आहे मी. घासलं की वरचा नाजूक वास आधीच पळतो. आणि काही जणी तर — हवेत फवारतात नि त्या ढगातून मिरवत चालतात! सुगंध कुणाला? फरशीला! थांबा हं, जरा एकदा मारून घेते, उडाला वाटतं.

कुठे चाललेय? अहो, चष्मेवाल्यांकडे — म्हणजे दुकानात नाही, बागेसमोर कॉफी प्यायला. हसताय काय? आमच्या दुकानासमोरच चष्म्यांचं दुकान त्यांचं. दर महिन्याला यायचे, ‘बहिणीसाठी एक बाटली द्या.’ मी म्हणायचे, नशीबवान बहीण! आणि परवा ती बहीणच आली की हो, नाकाला रुमाल लावून! म्हणाली, बाई, मला अत्तराचं वावडं, शिंकून शिंकून जीव जातो, कपाट भरलंय तुमच्या बाटल्यांनी — आमच्या भावाला एकदा काय ते विचारा, नाहीतर दुकान तरी बंद करा! या वयात कान तापले माझे. संध्याकाळी त्यांचा फोन — ‘कॉफी घ्याल?’ एवढंच. घेईन म्हटलं. आमचे गेल्यापासून कुणी — जाऊ दे, आज ते नको. आज मी खुशीत आहे. धडधडतंयही, खोटं कशाला बोलू? एकच फवारा हं, शेवटचा.

हां, आणि सगळ्यात मोठा गैरसमज — आपल्याला येईनासा झाला म्हणजे वास उडाला! मुळीच नाही! आपलं नाक सरावतं, बाकीच्यांना येतच असतो. म्हणून पुन्हा मारायचं नाही, शेजारच्याला विचारायचं — रोज सांगते मी गिऱ्हाइकांना... दादा, शिंकताय का तुम्ही? मघापासून? आणि चारही काचा का खाली केल्यात?

अगं बाई!

किती वेळा मारलं मी? नको, बोलूच नका! एक चक्कर मारा बागेला, वारं लागू दे — अहो, ते बघा, दारातच उभे! हातात रुमाल! इथवर पोचला की काय वास? नाही... नाही हो, चष्मा पुसताहेत. परत पुसला. अहो, आता तर पुसला, परत? माझ्याहून जास्त घाबरलाय हा माणूस!

थांबवा. थांबवा म्हणते ना! ही बाटली तुम्हीच ठेवा, घरी द्या, मनगटं घासू नका म्हणावं — आणि जा आता. बघत काय बसलाय? जा!