कबरीची तेरा अंडी

मी कोंढ्याची पोरगी, करडी गावाले देली. मायनं लग्नात टोपल्यात घालून एक कबरी कोंबडी देली होती, अन् दुसऱ्याच साली माय गेली. म्हणून त्या कोंबडीची पैदास मी कधी तुटू देली नाही. तिची पोरगी, मंग तिची पोरगी, सगळ्यायले मी कबरीच म्हणो. स्वभावानं महाखट, हात लावला का टोचे, पण पिल्लांवर घार उतरली तं तिच्या आंगावर धावून जाये.

मंग गावात वाटाले सरकारी कोंबड्या आल्या. काय सांगू तुम्हाले भाऊ, शाळेपुढं मांडव, पिंजऱ्याले फीत, सफारीवाले साहेब. साहेबानं सांगतलं, गावरानी कामाची नाही, संगं ठेवाल तं जात बिघडन, काढून टाका. आमच्या मालकानं, म्हणजे घरधन्यानं, आधीच सगळ्या तुमसरच्या बाजारात इकल्या होत्या. एक कबरी तेवढी राह्यली, थे तेरा अंड्यांवर बसली होती, अठरा दिवस झाले होते. मांडवात टाळ्या वाजल्या, तं पांढऱ्या कोंबड्या अशा भिल्या का एकमेकीवर चढून दोन थितंच मेल्या. भाषण चालूच होतं.

जेवणाच्या येळेले साहेब म्हणे, या सरकारीले चव नाही, गावरानी पाह्यजे. मी तिकडं बायांसंगं भात शिजवून राहिली होती. मालक पितळी गंजात कोंबडी कापून घेऊन आले, म्हणे मसाला वाट. मी म्हटलं, कोणाची होय? म्हणे, बसली होती थे. मी म्हटलं, काहून जी, काहून? म्हणे, गावाची इज्जत होती ना. मसाला मीच वाटला.

घरी धावत गेली तं अंडी अजून कोमट होती. आमच्या वाट्याले एक पांढरी अन् एक लाल आली होती. पांढरीले बसवलं, ताटली वाजली तशी उडाली, दोन अंडी फुटली. लाल मात्र गरीब, बसवली तशी बसली, मले वाटलं जमलं. पण दाणे वाजले का उठे, अन् परत जायाचं तिच्या डोक्यातच नसे. मी तिले धरधरून बसवो. टोपल्यात धानाची तणस, वीज कडाडली तं अंडी नासू नये म्हणून कोळसा अन् लोखंडाचा खिळा, सारं कबरीचंच होतं. एक दिवस मी वावरातून आली तं मालक स्वतःच लालीच्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

एकविसाव्या दिवशी एका अंड्याले टोच पडली, आतून बारीक आवाज आला. सांजेले थांबला. बाकीची फोडून पाह्यली, पिल्लं पुरी झाली होती, पिसंही आली होती, जीव एकातही नव्हता.

आता लोक इचारते, काकू, दोन-चार ठेवाच्या तं कोणत्या ठेवाव्या? मी सांगते, अंडी पाह्यजे तं पांढरी, पण घरात भांडं पाडू नका. जीव लावाले लाल. पिल्लं पाह्यजे तं टोचणारी पाहा, भेटली तं. मी लालच ठेवते, आवाज देला का मांडीवर येते बिचारी. तुमच्या घरी सुखात राहा भाऊ. अन् कोणती अंड्यांवर बसली असन तं तिले उठवू नका बापा, पाव्हणा किती का मोठा येईना.