घरचं नेट

कोथरूडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सनं थेंब घातल्यावर नम्रता डोळे मिटून बसली होती. त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या दोन आजोबांचे तिला नुसते आवाज ऐकू येत होते.

“महिपतराव, घरात दोघंच राहता. मोबाइलवर रोज दोन जीबी मिळतो, तोही तुम्हाला संपत नाही. मग घरच्या नेटला महिन्याला सहाशे रुपये कशाला?”

“असू द्या हो, पानसे.”

“असू द्या काय? वायफाय काय झाडांना घालता?”

“हिला लागतं.”

“वहिनींचा फोन बटणांचा आहे.”

नम्रतानं हसू दाबलं. कंपनीत ती दिवसभर नेटवर्कच सांभाळायची, पण हे गणित तिलाही सुटेना.

“तेजसनं बसवलं होतं ते. भांडून जायच्या आधी.”

“दोन वर्षं झाली त्याला. पोरगा फोन तरी करतो का?”

“नाही. पण नेटवाल्यानं मला एक सोय करून दिलीय. घरच्या वायफायला कुणाचा फोन जोडला गेला, की माझ्या मोबाइलवर टिंग वाजतं आणि नाव दिसतं.”

“बरं, मग?”

“रविवारी संध्याकाळी तेजसचं नाव येतं. पाचेक मिनिटं राहतं, मग जातं.”

“म्हणजे घरी येतो?”

“खालच्या पार्किंगपर्यंत.”

“अहो, मग उतरा की खाली.”

“एकदा उतरलो होतो. पुढे महिनाभर वाजलंच नाही. आता टिंग झालं, की ही नुसता गॅलरीतला दिवा लावते.”