बाजारातली जागा

पालघरच्या एस्टी स्टँडवर सातपाटीची गाडी यायची होती. बन्सीने पेपर उघडला होता, पण त्याचे कान शेजारच्या बाकावरच्या शकू आणि हंसा या दोन कोळणींकडेच होते.

“हंसा, माजी पोरगी इचारते, इंग्रजीत ग्रेशस म्हंजे काय?”

“बाई काय बोलल्या?”

“सौजन्यशील. आता ते कसं असतं?”

“तुज्या सासूसारकं.”

“तिच्यासारकं? अख्खा बाजार तिच्या तोंडाला भ्यायचा!”

“भ्यायचाच. माजा घरवाला दर्यात बुडाला, मी वरीसभर बाजारात नाय आली. तिनं माजी जागा रोज झाडली, कोनाला बसू नाय दिलं.”

“आनि तू परत आलीस तवा?”

“माज्या डोईवरची टोपली उतरवली न् बोलली, ‘आज उशीर केलास गो.’”