दुसऱ्या डिस्कवरचा लहू

सन्माननीय अध्यक्ष मधुकरशेठ, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या मच्छीमार संस्थेचे सभासद, बाजार लवकर उरकून आलेल्या वेसाव्याच्या आयाबहिणी, आणि ज्यांच्यासाठी आज हा हॉल भरला त्या शर्मिष्ठाताई वाघमारे, सर्वांना नमस्कार. मी देवेश, संस्थेचा सचिव. मला पाच मिनिटं दिली आहेत. सचिव पाच मिनिटांत खाली बसला, असं आपल्याकडे अजून घडलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

ताई आपले कॉम्प्युटर सांभाळायला मानखुर्दहून पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी विचारलं, "ताई, मासळीचा वास सोसेल ना?" त्या म्हणाल्या, "वास सोसेन हो, तुमचं हे वायरिंग नाही सोसायचं." त्या दिवसापासून ऑफिसात त्यांचंच राज्य. आज त्या निवृत्त होतायत, आणि खरं सांगतो, मला भीती वाटतेय.

आपल्या बोटी समुद्रातून वायरलेसवर जे बोलतात, ते सगळं ऑफिसातल्या सर्व्हरवर साठतं. बोट हरवली तर शोध त्या शेवटच्या बोलण्यापासून सुरू होतो. पूर्वी ते एकाच डिस्कवर असायचं आणि एका पावसाळ्यात ती डिस्क गपगार झाली. मग ताईंनी दोन डिस्कची जोडी लावली. एकीवर जे लिहिलं जातं, तेच दुसरीवर. एक गेली तरी काम अडत नाही. आम्ही खूश. ताई म्हणाल्या, "अडत नाही, हाच तर धोका. एक मेलीय हे कुणाला कळणारच नाही."

म्हणून त्यांनी पहारा बसवला. रोज सकाळी माझ्या आणि त्यांच्या फोनवर निरोप: दोन्ही हजर. मी म्हटलं, "बिघडल्यावर निरोप आला तर पुरे ना, रोज कशाला डोक्याला ताप?" त्या म्हणाल्या, "देवेशभाऊ, निरोप आला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे की निरोप देणाराच गेला, हे कसं ओळखाल?" ज्यांच्या घरातला माणूस दर्यात जातो, त्यांना हे मी काय समजावणार? आणि मधेच काही बदललं, तर तो निरोप लगेच येतो, सकाळची वाट बघत नाही.

माफ करा, खिशात फोन थरथरतोय. असू दे. भाषण आधी.

लहूची बोट गेली ते तुम्हाला ठाऊक आहे. बोट मिळाली, लहू नाही मिळाला. त्याची बायको कमलवहिनी आज पुढच्याच रांगेत बसलीय. लग्न झाल्यापासून वहिनीने कधी संस्थेच्या ऑफिसात पाय ठेवला नव्हता. लहू गेल्यावर मात्र बाजार आटोपला की ती टोपली बाहेर ठेवून बाकावर येऊन बसायची. ताई तिला लहूचं शेवटचं बोलणं ऐकवायच्या. "कमलला सांगा, जाळं वर घेतो नि येतो." पुढे नुसता वारा. कितीदा ऐकलं असेल, कोण मोजणार?

महिन्यातून एकदा सर्व्हर दोन्ही डिस्क एकमेकींशी ताडून बघतो. या वेळी एका जागी फरक निघाला. शोधत गेलो, तर ती जागा लहूच्या बोलण्यावर. ताईंनी दोन्ही डिस्क वेगळ्या करून ऐकवल्या. पहिलीवर नेहमीचं. दुसरीवर वाऱ्यानंतर पुन्हा लहू. अगदी जवळून, शांतपणे. "कमल, रोज हितं बसू नको. घरा जा."

मंडळी, तो जिवंत असताना ती तिथे बसतच नव्हती.

मी घाबरलो. म्हटलं, ताई, दुरुस्ती करून टाका, बोटींच्या जिवाचा प्रश्न आहे. दुरुस्ती म्हणजे काय, तर सर्व्हर पहिली डिस्क खरी धरतो आणि तिच्यावरचं दुसरीवर चढवतो. खरं कोणतं, हे त्याला कळत नाही. म्हणजे लहू पुसला जाणार. ताईंनी आधी त्याची कॉपी करून पाहिली. कॉपीत फक्त वारा आला. पुन्हा केली, पुन्हा वारा.

तेव्हा वहिनी म्हणाली, "मना दे. घरा नेते मी त्याला." ताईंनी मला विचारलंसुद्धा नाही. दुसरी डिस्क काढली, स्वच्छ फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. नवी डिस्क मागवलीय, ती अजून यायची आहे. तोवर रोज सकाळी निरोप येतो: एक गैरहजर. वहिनी पुन्हा ऑफिसात आली नाही. मला वाटतं, बरं वाटलं तिला. ताई, नोकरीत तुम्ही पुष्कळ केलंत, पण हे काम सर्वांत मोठं. संस्थेतर्फे मी तुमचे मनापासून आभार मानतो.

आता फोन बघतो, केव्हाचा वाजतोय.

ताई, निरोप सर्व्हरचाच आहे. "दोन्ही हजर. दुरुस्ती सुरू."

ऑफिसला कुलूप आहे. किल्ली ही माझ्या हातात. आणि डिस्क, वहिनी, तुमच्या मांडीवरच्या पिशवीत आहे ना? मगाशी तुम्हीच दाखवलीत.

ताई, तुम्ही का उठलात? बसा. इथून ऑफिसपर्यंत धावत गेलात, तरी तोवर सगळं पुसून झालेलं असेल.

अध्यक्षमहाराज, मी वेळ जास्त घेतला, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, मोठ्या मनाने पोटात घाला. सर्वांनी शांतपणे ऐकलंत, उपकार आहेत. अजून थोडं शांत राहा. कमलवहिनीने पिशवी कानाशी धरलीय. वहिनी, ऐकून घ्या. तुम्हाला नीट ऐकू यावं, म्हणून मी माईक बंद करतो.