समुद्राचा रंग आन् माया डोंगा

...नाई, मी काय म्हणतो, वैनगंगेत मीठ कुठी आहे? सांगा न! तुमाले सांगतो, आमचा जवाई, सरिताचा नवरा प्रफुल, तिकडं बंदरावर जहाजं रंगवते. दिवाळीले आला त रंगाचे डबे घेऊनच. म्हणे, "मामाजी, डांबर फेका! हा रंग खाऱ्या पाण्यालेई भीत नाई. समुद्रात टिकते!" आता जवायाले नाई कोन म्हणंन? डोंग्याले, माया लाकडाच्या नावेले, आतून लावला, बाहेरून लावला, बोटभर फळी सोडली नाई. असा चमकला डोंगा, का आमची वच्छला त्यात पाहून कुंकू लावे!

मंग आली मार्कंड्याची जत्रा. लोकं या तीरावरून त्या तीरावर न्याचं काम बापाच्या वक्तापासून आमचं. एक वर्स चुकलं, त तो दुसरा डोंगेवाला, दसरू, जागा ठेवते का? म्हणून आमच्या रीतीनं गोटे भरून डोंगा डोहात बुडवला. हासू नका! उन्हानं फळ्या सुकते, फटी पडते. बुडवला का लाकूड पाणी पेते, फुगते, फटी मिटते. काढला, बसलो... आन् धोतर ओलं! फटी तशाच उघड्या, पाणी आत!

केला फोन. "जवाई, पाणी येऊन राह्यलं!"

"रंग निंगाला का, मामाजी?"

"रंग कायले निंगते!"

"मंग? सांगतलं होतं न, समुद्रात टिकते! लाकडाले थेंब लागू देत नाई!"

अरे, पण थेंब लागू देत नाई म्हणूनच त...! लाकूड तहानलं, मी भिजलो! डांबर लावलं, त घसरून खाली. इटेनं घासलं, काचेनं खरडलं, वच्छलाचा इळा बोथट झाला... निंगंन त शप्पथ! समुद्रात टिकते न बाप्पा!

जत्रा भरली. माया डोंगा रेतीवर, मी त्याच्या बाजूले. दसरू भरभरून सवारी नेऊन राह्यला, आन् मधातूनच वरडते, "भाऊ, डोंगा लय साजरा दिसते हो!" तेवढ्यात पोट्ट्यापोट्ट्याईचा घोळका आला, धडाधड डोंग्यात चढला. मले वाटलं, सवारी! म्हणलं, सांगतो बिचाऱ्याईले का बाबाहो, हा पाण्यात जात नाई... उठलो, त एक पोट्टी म्हंते, "आबाजी, जरा बाजूले व्हा न, फोटोत येऊन राह्यले तुमी!"

...झालो बाजूले.